मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

लोखंड लावायचं नाही, असं देवऋषीनं बजावलं होतं, म्हणून बिराप्पा नखांनी माती उकरत होता. ज्यानं पुरलं त्यानंच हातानं काढायचं, अशी रीत. विहिरीशेजारी गुडघे टेकून तो बसला होता आणि भोवती लालासाहेबांच्या घरची माणसं, मळ्यातले गडी, वाटेनं जाणारे बिनकामाचे असे सगळे जमले होते. दुसऱ्याच्या घरी काय उकरून निघतं ते बघायला माणसाला कधी वेळ कमी पडत नाही.

खड्डा त्याच्याच हातचा होता, त्यामुळे माती पटापट सुटत होती. आधी कोळसे लागले. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग मिठाचा ओला लगदा आला, आणि शेवटी हात खांद्यापर्यंत आत गेल्यावर तांब्याचा चौकोनी पत्रा. तो हिरवट पडला होता. कोपऱ्याला जाड तार आवळलेली होती आणि एका कडेला काही आकडे ठोकलेले होते.

"बघा," देवऋषी म्हणाला. त्यानं पत्र्यावर लिंबू ठेवलं. "यंत्र हाय. आकडं घातल्यात."

ते आकडे पत्र्याच्या जाडीचे होते आणि कारखान्यातच ठोकले गेले होते. बिराप्पानं तसं सांगितलंही. पण कोळसा, मीठ आणि तांबं एका खड्ड्यात निघाल्यावर कारखान्याचं कोण ऐकणार?

"आईसाब, ह्याला अर्थिंग म्हनत्यात," तो रंगूबाईंकडं वळून म्हणाला. "मोटरच्या अंगात ईज उतरली तर ती ह्या तारंनं जमिनीत जाती. मानसाला झटका बसू नये म्हनून घालत्यात. मीठ-कोळसा नुसता वल धरून ठेवतोय."

"म्हंजे घरातलं कायतरी जमिनीत जातंय," रंगूबाई म्हणाल्या. "मी त्येच तर म्हनती."

रंगूबाई सोप्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी सून मनुबाई होती. बाळंतिणीसारखं तिचं डोकं-कान फडक्यानं बांधलेलं होतं, पण मांडीवर बाळ नव्हतं. पाच दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता, तो मेलेलाच. रंगूबाईंचा हात सुनेच्या डोक्यावर होता आणि त्या हळूहळू तो फिरवत होत्या.

"माझी गरीब गाय," त्या म्हणाल्या. "तिच्याच हातनं रोज पानी घालून घेतलं की रं मुडद्या. दिवस भरत आलेल्या बाईच्या हातनं."

बिराप्पानं लालासाहेबांकडं बघितलं. घराचे मालक बाजेवर बसून सुपारी कातरत होते. खड्डा भरला त्या दिवशीही ते त्याच बाजेवर होते, आणि "आनखी दोन पाट्या कोळसा घाल, कंजूषपना करू नगं," असं त्यांनीच सांगितलं होतं.

"मालक, तुमी व्हता की हितं. तुमी सांगा."

लालासाहेबांनी सुपारीचं खांड गालात सारलं.

"मी व्हतो. पर मला त्यातलं काय कळतंय गड्या? तू म्हनलास घालू, मी म्हनलं घाल."

एवढं बोलून ते पुन्हा कातरायला लागले. बिराप्पाला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. अडाणी माणसाशी भांडता येतं. ठाऊक असून गप्प बसणाऱ्यापुढं काय करायचं, हे त्याला पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं.

"मीठ आमच्याच घरचं ना?" रंगूबाईंनी विचारलं. "सुनंनं पोत्यातनं काढून दिल्यालं?"

"व्हय."

"मग खा. आमच्या घरचं मीठ खा, आन् सांग ह्यात काय वंगाळ न्हाई म्हनून."

कुणीतरी हसलं. बिराप्पानं चिमूट उचलली तशी रंगूबाई म्हणाल्या, मूठभर. त्यानं मूठभर घेतलं. कोळसा दाताखाली करकरला, माती जिभेला चिकटली, मिठानं घशाला आग लागली. थुंकायचं नाही म्हणून गडी सांगत होते. त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "ह्यात काय वंगाळ न्हाई." पण तेवढ्यात त्याला ओकारी आली आणि खड्ड्याच्या कडेलाच सगळं बाहेर पडलं.

"देवानंच सांगितलं," देवऋषी म्हणाला.

उद्या दिवस मावळायच्या आत सांगली सोडायची, नाहीतर दुकानाची पाटी आणि पाय दोन्ही मोडू, असा निकाल झाला. लालासाहेब त्याला फाटकापर्यंत पोचवायला आले. माणूस एरवी मायाळू होता.

"जा रं," ते हळूच म्हणाले. "घराची पीडा कुनावर तरी जायाच पायजे. तुझ्यावर गेली तर तू चार कोसांवर जाऊन जगशील."

बिराप्पा म्हसवडकडचा. बापजाद्यांनी मेंढरामागं हिंडून हाडं झिजवलेली. लढाई लागली तेव्हा तो पलटणीत भरती झाला, तिथं त्याला बंदुकीऐवजी पक्कड मिळाली आणि फौजी कारखान्यात राहून तो तारकाम शिकला. लढाई संपून घरी आला तेव्हा भावांनी त्याला पुन्हा काठी द्यायला काढली. ती न घेता त्यानं आपल्या वाटणीची मेंढरं विकली, हत्यारं आणि वायरची भेंडोळी घेतली, ठेकेदारीचा परवाना काढला आणि बायकोला घेऊन सांगलीत एक खोली भाड्यानं धरली. दारावर पाटी लावली, तिच्यावर त्याचं नाव आणि खाली 'इलेक्ट्रिक कंत्राटदार'. गावाकडं त्याची टिंगल झाली. धनगराचं पोर आता विजंला चारायला निघालंय, असं भावकी म्हणायची.

पाटी छान होती, पण काम कुणी देईना. गावात दोन जुने कंत्राटदार होते, त्यांची घरं ठरलेली. बिराप्पा दारोदार हिंडायचा आणि बोलायला तोंड उघडलं की माणसं विचारायची, कुनीकडचा रं तू? लालासाहेबांच्या दारातही त्याला तेच विचारलं गेलं. पण तिथं आतून, दाराच्या फटीतून, एका बाईचा आवाज आला होता.

"म्हसवडचं काय तुमी? मी वडूजची."

मनुबाई ती. कोरडवाहू मुलखातली लेक, उसाच्या घरात दिलेली. तिचा नवरा हंबीरराव पलटणीत होता, लांब झाशीला. तिनं सासऱ्याजवळ शब्द टाकला, आमच्या तिकडचा माणूस आहे, फौजेत शिकलाय. घरातले दिवे आणि विहिरीवरची मोटर, असं ते पहिलं काम त्या शब्दावर मिळालं. बिराप्पा तिला ताई म्हणू लागला, ती त्याला दादा.

अर्थिंगचा खड्डा भरून झाल्यावर त्यानं तिला सांगितलं होतं, "ताई, उन्हाळ्याचं रोज एक कळशी ह्यात वता. खंड पडू द्यायचा न्हाई." तिनं खंड पडू दिला नाही. पोट पुढं आलं तरी गड्याच्या हातात कळशी दिली नाही. दादांनी मला सांगितलंय, म्हणायची.

बिराप्पा खोलीवर आला तेव्हा त्याची बायको हरणाबाई भाकरी थापत होती. त्याचं काळं तोंड बघून तिनं तांब्या भरून आणला. त्यानं चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा भरल्या, पण खारटपणा काही जाईना. मग बसून त्यानं सगळं सांगितलं.

"मग गावाला जायाचं?" हरणाबाईनं विचारलं.

"कुटल्या तोंडानं?"

"मेंढरं बी न्हाईत आता," ती म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पावरहौसातल्या फोरमनसायबाला न्या की. तेंनीच तुमचा खड्डा बघून लाइन जोडली न्हवं? त्यांचं तर ऐकतील."

ते त्याच्याही मनात आलं होतं. सकाळी तो निघाला, पण आधी मळ्यात गेला, कारण त्याची हत्यारांची पिशवी कालच्या गोंधळात मोटरजवळच राहिली होती. परसात कुणी नव्हतं. खड्डा तसाच उघडा होता आणि पत्रा लिंबासकट पडलेला होता. पिशवी उचलून तो वळला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या झरोक्यातून हाक आली.

"दादा."

तो झरोक्याखाली गेला. आत काळोख होता. मनुबाईचं बांधलेलं डोकं तेवढं दिसत होतं.

"काळजी करू नगा, ताई," तो म्हणाला. "फोरमनसायबाला आनतोय. सगळ्यांचं डोळं उघडत्यात का न्हाई बघा."

"आनू नका."

बिराप्पाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हे तिसरं," ती आतून म्हणाली. तिचा आवाज शांत होता, धान्य निवडताना बोलावं तसा. "आदीच्या दोन बारीला सासूबाईनी मला गोठ्यात जेवाय वाढलं. मागल्या बारीला सवतीचं नाव बी काढलं व्हतं. काल पैल्यांदा भातावर तूप वाढलं. पोरीचा दोष न्हाई म्हनाल्या. डोक्यावरनं हात फिरवला, तुमी बघितला न्हवं?"

"बघितला."

"मग ऱ्हाऊ द्या की असंच. तुमी बापई मानूस. हातात हुन्नर हाय, कराडला जाल, कोल्हापूरला जाल. मी कुटं जाऊ?"

बिराप्पानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती सांगत होती ते खरं होतं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि म्हणून तिचा रागही आला.

"ताई, करनी केल्याला मानूस कुटं बी जात न्हाई," तो म्हणाला. "त्याच्या आदी त्याचं नाव जातंय. कराडात बी मला कोन दारात उभं करंल? घरात कुनाचं बारीकसं पोर दुखनाईत पडलं की माजा खड्डा उकरतील."

झरोक्याच्या कडेवर तिची बोटं आली.

"तुमचं काम मी मिळवून दिलं व्हतं," ती मग म्हणाली. उपकार बोलून दाखवायची तिला सवय नव्हती, ते वाक्य अर्ध्यावर अडखळलं.

"बघतो," बिराप्पा म्हणाला.

बघतो म्हणजे काय हे वडूजच्या लेकीला समजावून सांगावं लागत नाही. झरोक्यातलं डोकं आत गेलं. बिराप्पा मळ्याच्या फाटकातून बाहेर पडला आणि पावरहौसच्या रस्त्याला लागला. वाटेत त्याचे पाय एकदाही रेंगाळले नाहीत. पुढं कित्येक दिवस त्याला स्वतःच्या त्या चालीचीच जास्त लाज वाटत असे.

फोरमन सायकलवरून आला, तोही कुरकुरत. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, कपाळावर आठ्या. उघडा खड्डा बघून त्याचा पारा चढला.

"कोनी काढलं हे? अर्थिंग नाय तर लाइन नाय. आत्ताच्या आत्ता तोडतो."

लाइन तोडणार म्हटल्यावर लालासाहेब बाजेवरून उठले. रानात ऊस उभा होता, ऊन मी म्हणत होतं आणि मोटर आल्यापासून त्यांनी मोटेचे बैल विकून टाकले होते.

"तोडू नगा, सायेब. काय असंल ते दाखवा घरच्यांस्नी."

फोरमननं बिराप्पाला पत्रा परत खड्ड्यात ठेवायला लावला. वर मीठ-कोळशाचा चिखल लोटला, कळशीभर पाणी ओतलं. मग एक दिवा घेतला, त्याची एक तार विजेला लावली आणि दुसरी पत्र्याच्या तारेला टेकवली. भर उन्हात दिवा लख्ख पेटला. माणसं मागं सरली. काल हसणारा गडी आज हात जोडून उभा होता.

"जमिनीत जाती ती ईज, बाकी काय नाय," फोरमन म्हणाला. "सरकारी कायदा हाय. तुमच्या घरी हाय तसं राजवाड्यात बी हाय. तिथं काय करनी हाय?"

"मी कालच म्हनत व्हतो," लालासाहेब म्हणाले.

सोप्याच्या पायरीवर रंगूबाई कालच्यासारख्याच बसल्या होत्या. मनुबाईला त्यांनीच बाहेर आणून बसवलं होतं, खरं-खोटं होऊ दे तिच्यादेखत म्हणून. त्यांचा हात सुनेच्या डोक्यावर होता.

"म्हंजे करनी न्हाई?" त्यांनी विचारलं.

देवऋषीनं चिखलातलं लिंबू उचललं, धोतराला पुसलं आणि कनवटीला लावलं. त्यालाही पोट होतं आणि उद्या दुसऱ्या दारात उभं राहायचं होतं.

"न्हाई तर न्हाई," तो म्हणाला. "भाईरचं न्हाई म्हंजे मग घरातलंच हाय, आईसाब. कुनाच्या तरी पायगुनाचं."

रंगूबाईंनी सुनेच्या डोक्यावरचा हात काढला. काढून तो पदराला पुसला. सगळी माणसं दिव्याकडं बघत होती, फक्त बिराप्पा तिकडं बघत होता, आणि मनुबाई त्याच्याकडं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बिराप्पाला वाटलं, आत्ता काहीतरी बोलावं. उन्हाची बाधा होऊन पोर जातं, आडरानात चांगल्या सुईणीशिवाय जातं, पलटणीतल्या दवाखान्यात डॉक्टर सांगायचे तसलं काहीतरी. पण काल तोंडात कोंबलेलं मीठ आज उतरलं होतं, आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा खायची छाती त्याच्यात नव्हती. त्यानं तार गुंडाळायला घेतली.

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं एकदा ठरलं की वांगं कुणीही चालतं. पुढच्या आठवड्यात लालासाहेबांची बैलगाडी बिराप्पाच्या दुकानासमोरून गेली. आत मनुबाई होती, एक पेटी आणि एक गठुडं. कानाचं फडकं अजून सुटलं नव्हतं. समोरून उसाच्या गाड्या आल्या म्हणून गाडी नेमकी पाटीखालीच थांबली. हरणाबाई लगबगीनं बाहेर आली. तिनं बाळंतिणीला ओळखलं, आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि चाकावर पाय देऊन तिला कुंकू लावलं.

बिराप्पा दारातच उभा होता.

"जाते, दादा," मनुबाई म्हणाली.

"येते म्हनावं, बाई," हरणाबाई पटकन म्हणाली. "जाते म्हनू न्हाई."

मनुबाईनं ते ऐकलं, पण शब्द बदलला नाही. गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी तिच्या माहेराकडं, विट्याच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर बिराप्पाचं चांगलं चाललं. ज्याच्या खड्ड्यापुढं देवऋषी हरला, तो कंत्राटदार, असं त्याचं नाव झालं. नाव माणसाच्या आधी जातं म्हणाला होता, तसं ते गेलं. इस्लामपूरपासून बोलावणी आली. जुन्या दोन कंत्राटदारांपैकी एकाची दोन घरं त्याच्याकडं वळली. हरणाबाईला नवं लुगडं आलं. ती ते नेसायची, पण त्या गाडीचा विषय निघाला की उठून आत जायची.

दिवाळीच्या रजेवर हंबीरराव येणार होता आणि त्याच रजेत, तुळशीचं लग्न झाल्यावर, त्याचं दुसरं लग्न उरकायचं ठरलं. लालासाहेब स्वतः दुकानात आले. बाकावर बसले, पाटीकडं कौतुकानं बघितलं.

"मांडवात दिवं पायजेत. सांगलीत कुनी घातलं न्हाईत असं. तुझ्याबिगर दुसऱ्याला सांगनार न्हाई मी. तुझ्यावर अन्याव झाला व्हता, त्याची भरपाई समज."

हरणाबाई आतल्या दारात उभी होती. बिराप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. मांडव किती खणांचा, एवढंच त्यानं विचारलं.

दिवे खरोखर डोळे दिपावे असे झाले. वऱ्हाड नवरीपेक्षा दिव्यांकडंच जास्त बघत होतं. लग्न लागलं, लग्नाचं शेवटचं, सोळाव्याचं जेवण झालं, हंबीरराव झाशीला परत गेला, आणि बिराप्पा मांडवातल्या तारा उतरवायला आला. लालासाहेबांनी त्याला आणखी एक काम सांगितलं. मागं फोरमननं घाईत लोटलेला खड्डा एकदा नीट भरून दे, म्हणाले. पुन्हा भानगड नको.

त्यानं पत्रा घासून साफ केला. खाली कोळसा, वर मीठ, पुन्हा कोळसा असे थर दिले. मीठ यावेळी त्यानं दुकानातून आणलं होतं. रंगूबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आत हाक मारली तशी नवी सून कळशी घेऊन बाहेर आली. पोर अगदी कोवळी होती. हातातला हिरवा चुडा कोपरापर्यंत आणि पावलांना अजून हळद.

"हितं वतायचं?" तिनं विचारलं.

"व्हय. रोज एक कळशी," बिराप्पा म्हणाला. "खंड पडू द्यायचा न्हाई."

तिनं मान हलवली. कळशी कमरेवरून उतरवता उतरवता ती थांबली.

"आदी कोन वतत व्हतं?"

रंगूबाईंचा सुपातला हात थांबला. बिराप्पानं वर बघितलं. म्हातारी त्याच्याकडंच बघत होती आणि तिच्या बघण्यात दरडावणी नव्हती, एका घरच्या माणसानं दुसऱ्याकडं बघावं तसं ती बघत होती.

"कुनी न्हाई," बिराप्पा म्हणाला. "खड्डा नवाच हाय."

पोरीनं कळशी वाकडी केली. पाणी बुडबुड करत मिठात मुरलं. बिराप्पानं दिव्याची एक तार विजेला लावली, दुसरी खड्ड्यातल्या तारेला टेकवली. दिवा लख्ख पेटला. अर्थिंग चांगलं लागलं होतं.